शेवटच्या कडव्यातलं नाव

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, याची खात्री नाही. म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते अर्जच होते: रेशनकार्डाचा, पाण्याच्या जोडणीचा, माझ्या फी-सवलतीचा. निदान मला तसं वाटत होतं. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. मराठीच्या बाई म्हणाल्या की आठवणी लिहायला म्हातारं व्हावं लागत नाही, त्यांच्या भरवशावर बसलो आहे. गाण्यातलंही मला फार कळत नाही. सूर कुठे लागला आणि कुठे घसरला हे दुसरे सांगतात, मी मान हलवतो. तरी लिहितो, कारण एका यादीतल्या एका रकान्यात मी एक नाव लिहिलं आणि त्यानंतर जवळजवळ दीड महिना मला कुठेच स्वस्थ बसता आलं नाही.

आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो. पूर्वी बैठी वस्ती होती, आता तिथेच इमारती झाल्या आहेत. आमचं घर सातव्या मजल्यावर. आजूबाजूचे बरेचसे लोक मूळचे परभणी, जालना, बुलढाणा, सोलापूरकडचे. आमच्याकडे एप्रिलमधल्या जयंतीला दरवर्षी नवी गाणी येतात. आधी रेकॉर्डी होत्या, मग कॅसेट आल्या, मग सीडी, आता फोन. माणसं सालं विसरतात पण गाणी विसरत नाहीत. माझी ताई कधी झाली असं आईला विचारलं तर ती आधी एका गाण्याची ओळ म्हणते, मग हिशेब लावून वर्ष सांगते.

फेब्रुवारीत कुठल्याशा रेडिओवर आजवरच्या सगळ्यात लोकप्रिय गाण्यांसाठी मतदान झालं. शंभर गाण्यांची यादी आली. त्यात आमचं एकही नव्हतं. आम्हाला नवल वाटलं नाही, पण आमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये त्या दिवशी बरीच खळबळ झाली. हा ग्रुप जयंतीच्या गाण्यांच्या चाहत्यांचा. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतची शंभराच्या वर माणसं त्यात आहेत. मी त्यात कसा आलो ते नीट आठवत नाही, बहुधा कुणाला तरी फोन दुरुस्त करून दिला तेव्हा. बोरिवलीला एका दवाखान्यात नर्स असलेल्या बाई आहेत, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. त्यांनी आवाजी निरोप टाकला:

"दुसऱ्यांनी आपली गाणी मोजली नाहीत म्हणून रडत काय बसलाय? आपण मोजू. मोजायला काय लागतं, बोटं लागतात."

तसं ठरलं. सत्तरच्या दशकापासून आजपर्यंत प्रत्येक दशकाची वेगळी यादी करायची, प्रत्येकाने दर दशकातली पाच गाणी क्रमाने निवडायची. पहिल्याला पाच गुण, पाचव्याला एक. प्रत्येक दशकात जे गाणं पहिलं येईल ते जयंतीच्या आधीच्या रविवारी आमच्या बुद्धविहारात ऑर्केस्ट्राकडून गाऊन घ्यायचं आणि गाण्याआधी गायकाचं नि कवीचं नाव जाहीर करायचं. ग्रुपचे प्रमुख अंधेरीचे एक काका आहेत. तिथल्या औद्योगिक वसाहतीत ते छपाईच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि त्यांच्याकडे कॅसेटनी भरलेल्या दोन लोखंडी पेट्या आहेत, म्हणून त्यांना पेटीवाले म्हणतात. त्यांनी लिहिलं, "यादीचं काम घाटकोपरच्या पोराला द्या. कॉलेजात आहे, त्याला तक्ते येतात." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

मतं येऊ लागली आणि भांडणंही. गाणं लिहिलं ते दशक धरायचं की कॅसेट आली ते, यावर दोन दिवस गेले. एकाने घरातल्या सगळ्यांच्या फोनवरून एकाच गाण्याला मत दिलं. विचारलं तर म्हणाला, "घरात एकच टेप होता रे, सगळ्यांनी एकच ऐकलंय." विक्रोळीच्या एका मावशींनी लिहिलं, "माझं मत, माझ्या सासूचं मत, आणि सासरे असते तर त्यांचं पण हेच." मी सासऱ्यांचं मत धरलं नाही. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

अडचण कवीच्या रकान्याची होती. जुन्या कॅसेटवर गायकाचा फोटो असतो, नाव असतं, वादकांचीही नावं कधी असतात. कवीचं बहुतेक वेळा नसतंच. पण आमच्या गाण्यांत एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो, अमका म्हणे असं, अमक्याची लेखणी सांगे तसं. त्याला छाप म्हणतात. मी विचार केला, सगळी शेवटची कडवी ऐकली की कवी आपोआप सापडतील. कॉलेजच्या लायब्ररीत कानात इअरफोन घालून आठवडाभर मी फक्त शेवटची कडवी ऐकली. ज्याची छाप त्याचं नाव कवीच्या रकान्यात. बऱ्याच वर्षांत कुणी न केलेलं काम आपण करतो आहोत असं मला वाटत होतं.

ऐंशीच्या दशकात एक गाणं होतं, ते आमच्या वस्तीत लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. एक आई मुलाला पहिल्यांदा शाळेत सोडायला जाते. तिला फाटकावरची पाटी वाचता येत नाही, म्हणून ती शिपायाला दोनदा विचारते की शाळा हीच ना. मुलगा आत जातो, ती बाहेर थांबते. शेवटच्या कडव्यात कवी म्हणतो, अमका म्हणे, दारापाशी आई अजून उभी. त्या अमक्याच्या जागी गायकाचंच नाव होतं. म्हणून मी गायक आणि कवी या दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलं आणि यादी ग्रुपवर टाकली.

संध्याकाळी ती पप्पांना दाखवली. पप्पा पालिकेच्या उद्यान खात्यात माळी आहेत, मुलुंडच्या एका बागेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. चष्मा लावून त्यांनी यादी वाचायला घेतली, एकेका ओळीवर बोट ठेवत. ऐंशीच्या दशकात बोट थोडा वेळ थांबलं. मला वाटलं अक्षर बारीक असेल, म्हणून मी स्क्रीनवर दोन बोटं फिरवून ते मोठं करून दिलं.

"यादी नीट केलीस," ते म्हणाले. "ओळी सरळ आहेत."

"पप्पा, तुमची पाच गाणी सांगा ना. मत टाकतो तुमचं."

"मी कशाला. मला काय कळतंय त्यातलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "चल, ताटं घे."

पंधरा दिवसांत ऐंशीच्या दशकात ते आईचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तिथून हललं नाही. मग एका सकाळी फोन वाजला. मुलुंडचे एक काका, एकेकाळी ढोलकी वाजवायचे. ग्रुपमध्ये ते लिहीत नाहीत, फक्त ऐकतात.

"जयभीम. माळ्याचा मुलगा ना तू?"

"हो काका."

"किती शिकलास?"

"दुसऱ्या वर्षाला आहे."

"मग वाचता येत असेल. ते आईचं गाणं काढ. कवी कोण लिहिलंयस, वाच."

मी वाचलं.

"आता तुझं आधार कार्ड काढ. त्यावर तुझं मधलं नाव काय आहे?"

कार्ड काढायची गरज नव्हती. मधलं नाव वडिलांचं असतं.

"वाचलंस? ते तिथे पाहिजे. चल, ठेवतो. चहा गार होतोय माझा."

त्या दिवशी मी पहिल्या तासाला बसलो आणि हजेरी होताच उठलो. मुलुंडला काकांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "बापानं काही सांगितलं नसेल ना? नाही सांगणार. तो झाडांशी बोलतो, माणसांशी नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची तिघांची गायन पार्टी होती. एक गायक, काका ढोलकीवर, आणि पप्पा मागे झील धरायचे, म्हणजे गायकाची ओळ उचलून पुन्हा म्हणायची. शब्द पप्पांचे. लग्नात, नामकरणात, जयंतीला ते गात. पप्पा तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे होते, नववीत शाळा सुटलेली. आईचं गाणं त्यांनी एका बाकड्यावर बसून केलं. अंधेरीच्या स्टुडिओत कॅसेटसाठी गायचं ठरलं त्याच आठवड्यात पप्पांना बागेतली नोकरी लागली. नोकरीला सहाच दिवस झालेले, रजा कोण देणार?

"आम्ही दोघं गेलो. शेवटच्या कडव्यापर्यंत सगळं बरोबर होतं. मग काचेपलीकडच्या माणसानं गाणाऱ्याला बाजूला बोलावलं. काहीतरी बोलले. परत आला आणि गायला, तर तुझ्या बापाच्या जागी स्वतःचं नाव. मला वाटलं चुकला, म्हणून मी वाजवत राहिलो. ठेका हलला नाही ना." काकांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. "दोघांची नावं तीन अक्षरी. हे काढ, ते घाल, मात्रा तेवढ्याच. चार अक्षरी असता तुझा बाप, तर वाचला असता."

"पप्पांनी कधी ऐकलं ते?"

"चहाच्या टपरीवर. कॅसेट लागली होती. आम्ही दोघं उभे. पूर्ण ऐकलं त्यानं. मला म्हणाला, ढोलकी छान वाजलीये."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"मी ढोलकीवाला माणूस. आणि तो गाणारा पण माझा मित्रच." त्यांनी पाण्याचा रिकामा पेला माझ्यापुढून उचलला. "वर्षभरानं त्याची आई आजारी पडली, तो गावाकडं गेला, परभणीच्या बाजूला. परत नाही आला. भांडले असते ना रे दोघं, तर बरं झालं असतं. भांडण मिटतं तरी."

पप्पांची बाग तिथून चालत दहा मिनिटांवर. मी चालत गेलो, की धावत, सांगता येणार नाही. पप्पा मोठ्या कात्रीने मेंदीचं कुंपण कापत होते. मला बघून त्यांनी आधी घड्याळ बघितलं.

"कॉलेज?"

"पप्पा, ते आईचं गाणं तुम्ही लिहिलंय?"

"कोण म्हणालं?"

"काका."

"त्याला दुसरं काम नाही."

"पण लिहिलंय का?"

"तिघांनी मिळून केलं ते."

"शब्द कुणाचे?"

"शब्द काय, सगळेच वापरतात."

कात्री चालूच होती. मला राग आला. मी त्यांच्याशी तशा आवाजात कधी बोललो नव्हतो. "नाव त्यांनी काढलं, की तुम्ही दिलंत?"

तेव्हा कात्री थांबली. पप्पांनी तिच्यात अडकलेली पानं एकेक करून काढली.

"ते मला पण माहीत नाही," ते म्हणाले. "मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आता तू एक कर. त्या यादीत हात घालू नकोस. मुलानं बापाचं नाव घातलं तर लोक नावं ठेवतील. आणि लोकांचं चुकणार नाही."

मी निघालो. फाटकापर्यंत आलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"पहिलं आहे का अजून?"

"काय?"

"ते गाणं. ऐंशीच्यात."

"पहिलंच आहे."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कुंपणाकडे वळले. म्हणजे रोज संध्याकाळी माझा फोन चार्जिंगला लावून देताना ते यादी बघत होते. मला वाटायचं, माझी काळजी घेतात.

घरी आईला विचारलं. ती म्हणाली, तिला गाण्याचं लग्नाआधीपासून माहीत होतं, पण त्या विषयावर ते बोलत नाहीत म्हणून तीही बोलत नाही. मग भांडं विसळता विसळता म्हणाली, "तुझं नाव ठेवताना मात्र हटून बसले होते. तीन अक्षरीच पाहिजे म्हणे. मी म्हटलं, का? तर म्हणे, असू दे, कुठे लागलं तर."

आता सांगायला हवं की मला नक्की काय हवं होतं. त्या रविवारी विहारात ते गाणं जाहीर होईल तेव्हा पप्पांचं नाव कवी म्हणून वाचलं जावं. तेवढंच. पण ते मी स्वतः लिहिणं बरोबर नव्हतं, पप्पांनी सांगितलं म्हणून नाही, मलाही ते पटत होतं. कॉलेजात शिकवतात की आपल्या म्हणण्याला आधार द्यावा. म्हणून मी मेट्रोने अंधेरीला पेटीवाल्या काकांकडे गेलो.

त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली. कॅसेट वर्षांप्रमाणे लावलेल्या. त्यांनी ती कॅसेट न शोधताच काढली. मुखपृष्ठावर गायकाचा फोटो, हातात माईक. आत घडी घातलेल्या कागदावर गायक, संगीत, ढोलकी, आणि शेवटी 'कोरस: मित्रमंडळी'. कवीचं नाव नाही. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

"वही आहे का बाबांची?"

"नाही. आई म्हणाली, वस्ती पाडली तेव्हा संक्रमण शिबिरात जाताना गेली."

"ढोलकीवाला सांगतोय, पण तो त्यांचाच माणूस." त्यांनी कॅसेट शर्टाला पुसली. "तू खोटं बोलतोस असं मी म्हणत नाही. पण तुझा बाप घातला तर उद्या प्रत्येक जण आपापला बाप घेऊन येईल. सत्तरच्या यादीसाठी आताच दोघं येऊन गेलेत माझ्याकडे. ज्याची छाप त्याचं गाणं, ही आपली रीत आहे. ती मोडायची तर ज्याची छाप आहे त्यानंच मोडावी. त्याच्याकडून एक शब्द आण. मी स्वतः नाव बदलतो."

हे इतकं सरळ होतं की मला वाद घालता येईना. फक्त तो माणूस शोधायचा होता. ढोलकीकाकांकडे एक जुना नंबर होता, गावातल्या दुकानाचा. तो लागला नाही. सिस्टरना सांगितलं. त्यांच्या दवाखान्यातल्या एक नर्स त्याच तालुक्यातल्या, त्यांचा भाऊ तिथे एसटीत कंडक्टर, त्याच्या ओळखीचे एक शिक्षक. मी दीड मिनिटाचा आवाजी निरोप तयार केला. आठ वेळा बोललो, आठही वेळा मध्येच अडखळलो, शेवटी नववा पाठवला. मी कोण, कुणाचा मुलगा, आणि एवढंच विचारायचं आहे की शेवटच्या कडव्यात मूळ नाव कुणाचं होतं. निरोप या हातातून त्या हातात गेला आणि मग काहीच कळेना.

ते दिवस वाईट गेले. वर्गात बसलो की वाटायचं आता फोन थरथरेल. बाहेर आलो की वाटायचं आत असताना फोन येऊन गेला असेल. परीक्षेचा अर्ज भरताना वडिलांच्या नावाच्या रकान्याशी येऊन मी थांबलो, मागच्या मुलीने विचारलं, "काय रे, आठवत नाही का?" स्वतःचाच निरोप पुन्हा पुन्हा ऐकायचो आणि त्यातल्या प्रत्येक 'म्हणजे'ची लाज वाटायची. गॅलरीत येरझाऱ्या घालायचो. आई म्हणाली, "खालच्या मजल्यावरचे वर येतील आता." पप्पा काही विचारत नव्हते. पण रोज कामावरून आले की चप्पल काढताना एकदा माझ्या तोंडाकडे बघायचे.

मतदान शुक्रवारी बंद झालं. ऐंशीच्या दशकात आईचं गाणं पहिलं आलं, दुसऱ्यापेक्षा बरंच पुढे. निरोप आला नव्हता. मी पेटीवाल्या काकांना फोन केला आणि म्हटलं की मी निदान ते नाव खोडतो.

"खोडू नकोस," ते म्हणाले. "खोडणं पण एक बाजूच झाली. असं लिही, कवी: माहिती मिळत आहे."

मी तसं लिहिलं. ते चार शब्द टाइप करायला मला फार वेळ लागला.

रविवारी विहार भरलं होतं. पप्पा येणार नाहीत असं वाटलं होतं. पण ते आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि मागे चपला काढतात तिथल्या भिंतीला टेकून उभे राहिले. ढोलकीकाका त्यांच्या शेजारी. निवेदन सिस्टर करत होत्या. सत्तरचं गाणं झालं. मग त्यांनी ऐंशीचं जाहीर केलं, टाळ्या पडल्या, गायकाचं नाव वाचलं, पुन्हा टाळ्या. मग त्यांनी कागदाकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं.

"कवी," त्या म्हणाल्या, "माहिती मिळत आहे."

पुढच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "अहो बाई, माहिती कसली? शेवटी छाप आहे ना."

लोक हसले. ऑर्केस्ट्राच्या तरुण गायिकेने गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीपासून सगळं विहार तिच्यासोबत गात होतं, लहान मुलंसुद्धा. मी स्टेजकडे पाठ करून पप्पांकडे बघत होतो. तेही गात होते. मी त्यांना त्याआधी कधी गाताना पाहिलं नव्हतं. ओळ संपली की ते ती उचलायचे, झीलकरी उचलतात तशी, किंचित उशिराने आणि बरोबर ठेक्यात. शेवटचं कडवं आलं. गायिकेने कॅसेटमध्ये आहे तसंच म्हटलं. पप्पांनी ती ओळ उचलली आणि मित्राचं नाव, तीनही अक्षरं, नीट जागेवर म्हटली. ढोलकीकाका खाली बघत होते.

घरी येताना मी म्हणालो, "सॉरी पप्पा."

"कशाबद्दल? पहिलं आलं की," ते म्हणाले. मग इमारतीच्या लिफ्टशी उभं राहिल्यावर, माझ्याकडे न बघता, "तो असेल का रे अजून? तेवढं कळलं असतं तरी चाललं असतं."

जयंती झाली. परीक्षा सुरू झाली. मी फोन बघायचं कमी केलं, म्हणजे ठरवलं तरी. एका मंगळवारी, पप्पांच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी मी पेपर देऊन घरी आलो. पप्पा गॅलरीतल्या कुंड्यांची माती उकरत होते. फोनवर अनोळखी नंबरवरून एक रेकॉर्डिंग आलं होतं आणि त्याखाली बराच मोठा मजकूर. आधी रेकॉर्डिंग लावलं. शाळकरी मुलांचे आवाज होते, मागे कुणीतरी डफ वाजवत होतं, चाल आमच्यापेक्षा थोडी संथ. आईचं गाणं. मी सवयीने सरळ शेवटच्या कडव्यावर नेलं. चाळीस-पन्नास मुलं एका आवाजात म्हणत होती की दारापाशी आई अजून उभी, आणि ते म्हणणाऱ्याचं नाव माझ्या आधार कार्डावरचं मधलं नाव होतं.

गॅलरीतला खुरप्याचा आवाज थांबला. मी खाली मजकूर वाचायला घेतला, मोठ्याने, कारण पप्पांचा चष्मा आत होता.

"दादा, मी त्यांची मुलगी, इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तुमचा निरोप फिरत फिरत काल पोचला. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून बोलता येत नाही, पण ऐकू येतं. त्यांना तुमचा आवाज दोनदा ऐकवला. आमच्या गावात हे गाणं कॅसेटसारखं म्हणत नाहीत. बाबा मुंबईहून आले त्यानंतरच्या पहिल्याच जयंतीला त्यांनी शेवटचं कडवं असं शिकवलं, तेव्हापासून असंच चालू आहे. गाणाऱ्याचं नाव घाल नाहीतर दुसऱ्याकडून गाऊन घेतो, असं कॅसेटवाले म्हणाले होते, हे ते दरवर्षी गाण्याआधी सांगायचे. मित्राला कोणत्या तोंडानं भेटू, असंही म्हणायचे. तुमच्या यादीसाठी लागेल ते मी लिहून देते. फक्त एक विचारायचं होतं. कवींना इथे कुणी कधी पाहिलं नाही, म्हणून गावात सगळ्यांना वाटतं की ते केव्हाच वारले, आम्ही शाळेत मुलांना तसंच सांगतो. आज तुमचा निरोप ऐकल्यापासून बाबा हातानं नाही नाही करत आहेत आणि दाराकडे बोट दाखवत आहेत. ते आहेत का?"